नांगराचं स्पेलिंग

—न्हाय, न्हाय, बस तू खाली, रवळू. कणकुंबीहून एवढी पायपीट करत आलास आणि हा असला कागद घेऊन थेट फॉरेस्टच्या साहेबाम्होरं उभा ऱ्हाणार हुतास? वीस वर्षं कचेरीच्या ह्या वसरीवर बसून इंग्रजी अर्ज लिवतोय मी. मारुतीराव अर्जवाले म्हणून कुणालाबी इचार. तुझी नांगराची जोडी गार्डानं कोंडवाड्यात घातली, चार दिस झालं, बैलं वाळत चाललीत — कळलं, लिवलंय हितं सगळं. पण कसं लिवलंय? हे बघ. वाचता येत न्हाय? तरीबी बघ! हा शब्द नांगराचा. पी-एल-ओ-डब्ल्यू. झाला नांगर, चार अक्षरांत! अरं, इंग्रजाचा नांगर सहा अक्षरांचा असतोय — पी-एल-ओ-यू-जी-एच. शेवटची दोन बोलायची न्हाईत, व्हय, पण लिवायची! तुझ्या डोक्यावरचा पटका बोलतोय काय? न्हाय ना? मग साहेबाम्होरं काढून ठेवणार हाईस काय तू?

आणि हे बघ, साहेबाचा ‘ऑनर’. त्यातला यू खाल्लाय. ‘नेबर’ म्हंजे शेजारी, त्याच्यातलाबी खाल्लाय. यू म्हंजे काय शेंगदाणा हाय? अमेरिकन मडमेच्या शाळंत शिकलेली मास्तरीण हाय ही, दुसरं कोण असणार? खानापूरची ना? मुलींच्या शाळंतली, मालुबाई? — वाटलंच. अक्षर वळखतो मी. तिकडं अमेरिकेत झेडला ‘झी’ म्हणत्यात, क्लार्काला ‘क्लर्क’. सरकार इंग्रजाचं हाय का अमेरिकेचं? मी शिकलो छावणीत, गोऱ्या पलटणीच्या मेसमधी, इलायती सार्जंटाच्या तोंडून ऐकून. आणि हिचा तोरा बघशील तर — छावणीच्या बाजारातनं मी टोमाटो आणायचो, रस्सा व्हायचा, आणि ताटावर बसलं की ही म्हणणार, “टोमेटो म्हणा, मग वाढते.” दोनदा कोरडी भाकरी खाल्ली मी, पण टोमेटो म्हणलो न्हाय! — कोण वाढणार म्हंजे? बायको हाय ती माझी. हसतोस कशाला?

हुती म्हण, हाय म्हण. वडगावच्या इणकराची पोर. बानं रात्रंदिस माग चालवून शाळंत धाडली. लगीन झालं तवा अख्ख्या गल्लीत इंग्रजी येणारी आम्ही दोघंच, मग भांडायला तिसरं कोण मिळणार? शेजारीपाजारी यायची आमचं भांडण ऐकायला. कळायचं काय न्हाय त्यास्नी, पण बसायची. तीच आधी हसायची, पदर तोंडाला लावून... बरं, ते जाऊ दे. खानापूरची जागा निघाली. तिनं अर्ज लिवला, पाकीट माझ्या हातात दिलं, टपालात टाका म्हणाली. मी फोडलं. व्हय, फोडलं! चुकांचा अर्ज जाऊ द्यायचा काय? जिथं जिथं यू न्हवता तिथं घुसडला — तिची शाई निळी, माझी काळी. मग मुलाखतीला सगळ्यांदेखत इन्स्पेक्टर मडम म्हणाली, बाई, तुमचा अर्जच दुसऱ्याला सुधारावा लागतोय, तुम्ही पोरींना काय शिकवणार? जागा गेली. घरी आली ती. भांडली न्हाय. एवढंच म्हणाली, “चूक वाटली तर मला सांगायचं हुतं. माझ्या कागदात हात का घातला?” मी म्हणलो, तुझ्या भल्यासाठी. — भल्यासाठीच की! दुसरं काय असणार? ती खानापूरला गेली असती तर हितं घरात मी एकटा... म्हंजे तसं न्हवं. त्यासाठी न्हवं. यू पायजे तिथं पायजेच, एवढंच. तू कागद बघ, माझ्या तोंडाकडं काय बघतोस!

फुडच्या वर्षी अर्ज तिनं स्वतःच्या हातानं टपालात टाकला. लागली नोकरी. तीन वर्षं झाली. आगगाडीनं तासाभराची वाट. एकदा गेलतो — स्टेशनातनंच परत आलो. जाऊन सांगणार काय हुतो? व्याकरण? ...चल, ती दौत सरकव हिकडं. पयलं नांगर दुरुस्त करू, मग साहेबाचा मान. — काय? कुणी धाडलं म्हणलास? तिनंच? माझ्याकडं? अरं, मग मघाधरनं बोलला का न्हाईस? मी बोलू दिलं न्हाय? बरं, बरं. काय म्हणाली ती? जशाला तसं सांग, तुझं काय मिसळू नगो. ‘कचेरीच्या वसरीवर ते बसत्यात, त्यांना एकदा दाखवा, त्यांना पटलं तरच साहेबाला द्या’ — असं म्हणाली? ‘ते’ म्हणाली? हसत का रागानं? — सांगता येत न्हाय? डोळं हुतं न्हवं तुला!

...

ऱ्हाऊ दे ती दौत. न्हाय, काय करायचं न्हाय. सगळं बरुबर हाय ह्यात. अक्षर न् अक्षर. साहेबाला नांगर कळतोय. त्यो दारातला चपराशी दिसतोय न्हवं, भरमा, त्याच्या हातात दे, म्हणावं मारुतीरावांनी बघितलाय. आणि जाताना खानापूरवरनंच जाणार न्हवं तू? मग तिला सांग, की... काय बी सांगू नगो. ऊठ आता. पाठीमागं माणसं खोळंबल्यात. जा म्हणतो न्हवं!