आत्याच्या बेटावर

हासू नका लेकहो, मी खरंच ग्रेनाडाले जाऊन आलो. वेस्ट इंडीजमधलं लहानसं बेट हाय ते. माही आत्या तिथं मळ्यात मजुरीले गेली, तवा मी जन्मलो बी नव्हतो. बाबा सारखे म्हणत, "कोणी तिले एकदा पाहून या रे."

तिकिटाले पैसे नव्हते, म्हणून आगबोटीवर कोळसा टाकत गेलो. बंदरात साहेब म्हणे, "संध्याकाळी बोट सुटते. कोणासाठी थांबणार नाही." मळा डोंगरापलीकडे होता. गाडी परवडत नव्हती, तं चालतच सुटलो.

दुपारी पोचलो. मळ्यातल्या लोकायनं दाखवलेल्या घराच्या दारात झगा घातलेली एक म्हातारी उभी होती. नाव विचारलं, तं भलतंच इंग्रजी नाव सांगे. हिंदीत बोललो, हातवारे केले, ती नुसती मान हलवे. शेवटी पायरीवर बसलो अन् सोताशीच म्हणलं, "आता बाबाले काय सांगू?"

"काय म्हणलं?" म्हातारी आपल्या बोलीत बोलली! "बाबाले म्हणलं ना? परत म्हण."

"आत्या, मी मोताळ्याहून आलो. तुह्या भावाचा पोरगा."

तिनं माहा हात धरला तो सोडेच ना.

"आत्या, माही बोट सुटते."

"सुटू दे. मी इतके वर्स थांबली, अन् तू न जेवता काऊन जाऊन राह्यला रे?"

बोट गेली. दुसरी यायले दोन महिने लागले. तवर आत्या मले रोज समोर बसवून बोलाले लावे, अन् सोता डोळे मिटून ऐकत राहे.