चौदा नंबरची वाळू

मोजणीच्या साखळीची खळखळ पन्नास वर्षांनीही माझ्या कानात आहे बघा. लखनौला नदीच्या दफ्तरात ती ओढायचं काम माझं. गोमतीच्या वाळूत खरबूज लावायलाही परवाना लागायचा, आणि जागा मोजल्याशिवाय साहेब सही करत नसत.

एकदा रामदीन मल्लाह मोड आलेलं बी ओल्या गोणपाटात घेऊनच आला. त्या दिवशी लावलं नाही, तर त्याचा हंगाम गेला. नकाशात त्याची जागा चौदा नंबर. साखळी घेऊन मी तिथं गेलो, तर कमरेएवढं पाणी! पावसाळ्यात नदीनं वाळू पल्याड नेऊन टाकली होती.

काठावरून साहेब म्हणाले, "परमिट चौदह नंबर का ही मिलेगा."

रामदीन म्हणाला, "तो हुज़ूर, खरबूजा काटकर मछली लिख दीजिए."

मी कधी मध्ये बोलत नसे. त्या दिवशी गार पाण्यात उभा राहून म्हणालो, "साहब, नंबर काटिए. लिखिए, जहाँ रेत निकले."

साहेबांनी चौदाचा आकडा खोडला. मग तसंच लिहून सही केली.

रामदीननं कागद गमछ्यात बांधला, गोणपाट डोक्यावर घेतलं आणि पाण्यातून पल्याडच्या वाळूकडे निघून गेला.