शनिवारचा नंबर

— नाही मॅडम, फोटो नाही लावला अजून. हार? हारही नाही. बसा न, इथं दारातच बसा, आत कोंदट आहे — अन् जरा हळू बोला. नाही, रागावून नाही राहिलो. मी पायलचा भाऊ, विक्की. तुमच्याच शाळेत होतो मी, ओळखलं नसन तुम्ही — मोफतच्या सीटवर, आठवीपर्यंत. आठवीनंतर मोफत संपते, हे आमाले नववीच्या दारात समजलं. ते जाऊ द्या. पायल शाळेतच आहे न? बरं. तिले नका सांगू तुम्ही घरी आल्या म्हणून. काय म्हणता — वर्गातले सगळे पोरं उभे राहिले? दोन मिनिटं? माझ्या बापासाठी? बाप रे. हे नाही सांगितलं तिनं.

ती चप्पल? ती — बाबाचीच आहे. मॅडम, पाया पडतो, आवाज करू नका. बाबा मेले नाही. त्या पडद्यामागं झोपले आहेत, रातपाळी करून आले. ठेकेदाराकडे गटाराच्या चेंबरवर असतात. पोरगी खोटं बोलली. तिले शाळेतून काढाचं असन तर नंतर काढा, आधी उठा अन् जा, ते जागे व्हायच्या आत. मले भेव वाटून राहिलं — तुमचं नाही, त्यांचं. मारतीन म्हणून नाही, कधी हात नाही उचलला त्यायनं. ऐकतीन म्हणून.

काहून बोलली? हे तुम्ही विचारता? दर शनिवारी एकेकाच्या बाबाले स्टेजवर बोलावता न, आपल्या कामाबद्दल सांगाले? डॉक्टर येते, बँकेचा साहेब येते. पायलचा नंबर लागला तर आमचा म्हातारा खूश — कामात लाज कशाची म्हणे. शर्टाले इस्त्री करून आणली, आरशासमोर घोकून राहिला — माय नेम इज देवाजी, आय क्लीन द सिटी. पोरगी त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, बाबा, नका जाऊ. तर मलेच ऐकवलं — तू मेहनत केली असती तर तूही शिकला असता. मेहनत. वर्गात दुसरा यायचो मी, मॅडम. तेव्हाही ते हेच म्हणत, अन् तुम्हीही. मोठ्या माणसायजवळ हे एकच औषध आहे, कोणालेही पाजतात. पायल तेच पिऊन राहिली — पहाटे उठते, झोपेत इंग्लिश बडबडते, डब्यावर झाकण धरून जेवते. अजून किती करावं तिनं? तुमच्या वर्गात बसाले बापाले मारून टाकलं, याच्यापुढं काय राहिलं?

रडू नका न. तुमच्या आवाजानं ते — थांबा. खाट वाजली.

नाही, आता नका उठू. आता गेल्या तर पळाल्यावाणी दिसन. तो फुलांचा पुडा द्या माझ्याजवळ, मागं ठेवतो. डोळे पुसा. पुसा लवकर.

— काही नाही बाबा, पायलच्या मॅडम आहेत. नाही, तिले काही नाही झालं, बरी आहे ती. तुमच्याकडेच काम आहे त्यांचं. हो, तेच. शनिवारचं. तोंड तरी धुऊन — बरं, बसा तसेच.

सांगा न मॅडम. कोणत्या शनिवारी यायचं त्यायनं?