एकतिसावी

आपल्या कॉलेजचे सन्माननीय अध्यक्ष डॉ. प्रुएट, व्यासपीठावरचे पाहुणे, प्राध्यापक संघटनेची मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या हॅलोरन बाई, आणि ज्यांचे चेहरे मी आज पहिल्यांदाच बघतेय अशा माझ्या ऑनलाइन वर्गमित्रांनो! देओलिंदा आजीचा सर्वांना नमस्कार.

चौथीत शाळा सुटलेल्या बाईला कॉलेजात भाषणाला बोलावलं, अर्धं आयुष्य इथंच भरून पावलं. उरलेलं अर्धं ओदिलियानं जाळलं. ती बघा, तिसऱ्या रांगेत, निळा स्कार्फ. माझी शेजारीण, माझ्या लेकीची धर्ममाता. बाईंच्या ऑनलाइन लेखनाच्या वर्गाला नाव घालायची कल्पना माझी बरं का! पण नेमकी त्या दिवशी आमची गाय व्यायली. मी नाव घातलं संध्याकाळी, तिनं सकाळीच. ती तिसावी, मी एकतिसावी. दार बंद.

मी बाईंना गाठलं. म्हटलं, "बाई, घरी बसूनच शिकायचं, तर खुर्ची कुठं कमी पडते?"

"खुर्ची नको हो, पण तुमचा निबंध वाचणार मीच ना? पूर्वी नव्वद जण असायचे. नावंसुद्धा कळायची नाहीत. भांडून आम्ही प्राध्यापकांनी ही तीसची मर्यादा कॉलेजबरोबरच्या करारात घालून घेतली. आता मीच एक जास्त घेतली, तर वरचे म्हणतील, बघा, झेपतंय की! मग पुढच्या करारात ते कलम गेलंच."

माफ करा प्रुएटसाहेब, शब्द बाईंचे आहेत.

बोलणं पटलं. पण पटलं म्हणून पोटातली आग विझते का? बाई प्रत्येकाच्या निबंधावर आपल्या आवाजात बोलून पाठवायच्या. ओदिलिया मला कॉफीला बोलवायची, गोड पाव पुढं करायची आणि फोनचा आवाज मोठा करायची. "ओदिलिया, तुमच्या आईबद्दल वाचताना मी मध्येच थांबले..."

"ऐकलंस गं? थांबल्या म्हणे!"

"दम लागला असेल," मी म्हणायची.

पुढच्या सत्राला मी गोठ्यात जायच्या आधीच नाव घातलं. बाईंचा आवाज आला, "देओलिंदा, तुमच्या गोठ्यातून माझा पाय निघेना." मी तो ओदिलियाच्या दारात उभं राहून वाजवला, पुन्हा वाजवला. तर हिनं काय म्हणावं? "छान हो! मी आता बाईंच्याच पुढच्या वर्गात आहे."

आणि आज बाई चालल्या, त्यांचा तो पुढचा वर्ग काही मला मिळायचा नाही. म्हणजे ही कायमची माझ्यापुढं एक सत्र!

साहेब, नवा करार या उन्हाळ्यात व्हायचाय म्हणे. ते कलम तेवढं राहू द्या. बाहेर राहिलेली जळेल, जळू दे. पुढच्या वेळी लवकर उठेल. नव्वदच्या वर्गातल्या कुणाचा हेवा केलेला मी तरी ऐकला नाही.

बाई, तुमचे आभार कसे मानू? जिभेला हाड नाही माझ्या. काही कमीजास्त बोलले असेन तर सगळ्यांनी पदरात घ्या. ओदिलियानं नाही घेतलं तरी चालेल.