बाबा पाणी घेऊन गेले

हॅलो? हॅलो, नाओमी? …हो, जॉइस बोलतेय. ऐकू येतंय का? …अगं, बाबा सापडत नाहीयेत!

…सापडत नाहीयेत म्हणजे नाहीयेत! मी तिकिटं काढायला गेले, परत येऊन बघते तर गाडी उघडी, आत कुणी नाही. …इथं युटात, मोआबजवळ गं, त्या नव्या पार्कात. डायनासोरची हाडं निघाली ना, तिथं.

…ओरडू नकोस, ऐक तरी… हो, माहितीये! जपानी म्हणून अमेरिकन सरकारनं आजोबांना दुसऱ्या महायुद्धात इथल्या छावणीत आणून कोंडलं होतं, माहितीये मला. म्हणून तर आणलं त्यांना. …नाही, सांगितलं नाही. डायनासोर बघायला चला म्हटलं. …अगं, खरं सांगितलं असतं तर आले असते का? जन्मात कधी त्या विषयावर तोंड उघडलंय त्यांनी?

…टोपी गाडीतच राहिलीय, तेच तर! ऊन नुसतं भाजून काढतंय, सावलीला एक झाड नाही. आणि पाणी… थांब, डिकी बघते… नाओमी, बाटल्या गेल्या! …सगळ्या गं, अख्खा खोका! या वयात एवढं ओझं घेऊन…

…हो, हो, रेंजरबाईंना सांगितलंय. त्या हाडांच्या बाजूला शोधतायत, मी जुन्या छावणीकडं. …काय असणार? सिमेंटचे चौथरे उरलेत नुसते. बाबा! बाबाऽऽ!

…रडत नाहीये, धाप लागलीय. माझीच अक्कल शेण खायला गेली होती…

थांब, थांब. कुणीतरी बसलंय… बाबाच! अगं, बाबाच आहेत! …हो, बरे आहेत, हलतायत. …चौथरा धुतायत! हातानं, घासून घासून. ओबोनला पितरांसाठी आपण थडगं धुतो ना, अगदी तसं. अहो बाबा, प्यायचं पाणी होतं ते!

…हो, विचारते. बाबा, तुम्हाला कसं कळलं, ही जागा…? …म्हणतात, 'मला काय कुक्कुलं बाळ समजलीस?' …आणि तो टवके उडालेला पांढरा पेला आहे ना, माळ्यावरच्या खोक्यातला? टॉवेलात गुंडाळून आणलाय. घरूनच!

…हळू, काहीतरी सांगतायत… हं बाबा… हं…

…नाओमी, आधी सगळं घर ज्या पहिल्या छावणीत होतं, तिथून आजोबांना इकडं उचलून आणलं ना, तेव्हा त्यांनी बाबांकडं पाणी मागितलं होतं. बाबा एवढेसे. हाच पेला भरून धावत आले, तोवर ट्रक गेलेला. …हो गं, तीच शेवटची भेट. …मलाही आत्ताच कळतंय.

…कुठलं पितायत? ओठ पार सुकलेत. बाबा, माझ्या बाटलीतलं घ्या ना… नको म्हणतात. आधी पेला भरून चौथऱ्यावर ठेव म्हणतात. …ठेवला, बाबा. काठोकाठ भरलाय, बघा.

…काही नाही गं. पेल्याकडं बघतायत नुसते…

नाओमी, हात पुढं केला त्यांनी. 'आता मला दे' म्हणतात.

…पितायत गं. …हो, घटाघटा. …ठेवते मी. जरा त्यांच्याजवळ बसते.