उसवून शिवलेलं शीड

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आमच्या संतपूरच्या शाळेचे सदर मुदर्रिस, म्हणजे आपले हेडमास्तर रामाचार्य. व्यासपीठावर विराजमान झालेले आपल्या गावचे पाटील चनमल्लप्पा. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते ओव्हरसियर अच्युतराव आणि त्यांच्या सुविद्य पत्नी जानकीबाई. समोर सतरंजीवर दाटीवाटीने बसलेले माझे गावकरी बंधू, उजव्या अंगाला बसलेल्या माताभगिनी, आणि आत जागा असूनही खिडकीच्या गजांना लोंबकळणारी समस्त मंडळी, आपणा सर्वांना या आप्पारावाचा सविनय नमस्कार.

बोलायला मलाच का उभं केलं, असं तुम्ही मनात म्हणत असाल. मी अडतीचा माणूस. ज्वारी-तुरीचा भाव विचारा, घडाघडा सांगेन. भाषण हा माझा प्रांत नव्हे. पण अच्युतरावांच्या नावेत माझी एक ठरलेली जागा आहे, आणि ती का आहे हे माझ्या देहाकडे पाहून तुम्हाला कळेलच. वारा एका बाजूने जोरात आला, की अच्युतराव ओरडतात, “आप्पाराव, तिकडं सरका!” मी सरकतो आणि नाव सावरते. तेव्हा या सभेत थोडं वजन असावं, एवढ्याच हेतूने आचार्यांनी मला उभं केलं असावं. बरोबर ना, आचार्य? हसले. म्हणजे बरोबर.

तर मंडळी, अच्युतराव पाच वर्षांपूर्वी तलावाच्या फुटक्या बांधासाठी सरकारातून इकडे आले. काम दांडगं होतं आणि माणूस कामाचा होता. पण घर मात्र रिकामं. जानकीबाई हैदराबादेत माहेरी. “त्या कोरड्या मुलखात आहे काय?” असं त्यांचं म्हणणं. अहो बाई, मान कशाला खाली घालता? खोटं काय म्हणालात? आमच्या गावात तेव्हा बघण्यासारखं काय होतं? माझी अडत आणि पाटलांच्या मिशा.

श्रावणात अच्युतराव सासुरवाडीला गेले. तिथे जेवताजेवता पुन्हा तोच विषय निघाला. सासरे मोठे वजनदार गृहस्थ. म्हणाले, एक शब्द टाकतो, बदली हैदराबादला करून घ्या. आणि आमचे अच्युतराव, एरवी मोजून-मापून बोलणारे, एकदम म्हणून बसले, “तिथं मांजरा आहे. दर जुम्म्याला, शुक्रवारच्या सुट्टीला आम्ही शिडाची नाव घेऊन नदीवर जातो.”

आता सांगा, कुठली नाव आणि कसलं शीड? घाटावर एक जुनी नाव पालथी पडलेली होती, एवढंच खरं. तिच्या सावलीला शेळ्या बसायच्या. हुसेनसागरावर कधीकाळी मित्राच्या नावेत बसले होते, तेवढ्या भांडवलावर ही थाप. आणि जानकीबाई म्हणाल्या, “मग येते मी. दसऱ्यानंतर आठ दिवस. नावेत बसते, गाव बघते, मग काय ते ठरवू.”

परत आल्यावर ते माझ्या अडतीत येऊन पोत्यावर बसले. चेहरा एवढासा झालेला. म्हणाले, “आप्पाराव, ती येतीय. नाव नसली तर मी खोटा ठरेन. मग ती इथं राहायची नाही, आणि तिच्यावाचून मलाही आता इथं राहवत नाही. बदली मागून घ्यावी लागेल.” बांध अर्धा झालेला. दुसरा ओव्हरसियर कधी येणार, कसा येणार, देव जाणे. पण खरं सांगतो, बांधापेक्षा त्या माणसाच्या तोंडाकडे पाहून मला वाईट वाटलं.

मग आमचा राघोबा सुतार कामाला लागला. राघोबा, उभा राहा जरा, लोकांना दिसू दे. याने जन्मभर बैलगाड्या केल्या. नाव बघून म्हणाला, “हिला चाकं न्हाईत, बाकी काय अवघड हाय?” कुजक्या फळ्या काढल्या, नव्या बसवल्या, फटींत कापूस आणि राळ ठासली, वरून डांबर फासलं. दर गुरुवारी कचेरी सुटली की अच्युतराव घाटावर, आणि जुम्म्याचा अख्खा दिवस आम्ही सगळेच तिथे. भाकरी, पिठलं, शेंगांची चटणी आणि डांबराचा वास. अशी भूक मला अडतीवर कधी लागली नाही. मग ती नाव दगड भरून चार दिवस पाण्यात बुडवून ठेवली. गाव म्हणालं, साहेबांचं डोकं फिरलंय, नीट केलेली नाव बुडवायलेत! पण वाळलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या, की फटी आपोआप मिटतात. तेव्हापासून दरवर्षी नव्या मोसमाची सुरुवात आपण नाव बुडवूनच करतो.

राहिलं शीड. ते काम नागूबाईंनी घेतलं. नागूबाईंची कौदी कोणाला ठाऊक नाही? जुनी लुगडी एकावर एक घालून अशी शिवतात, की आजीने पांघरलेली कौदी नातवाच्या लग्नात अंथरावी. अच्युतराव त्यांना एवढंच म्हणाले, “शीड भक्कम पाहिजे. वाऱ्यानं फाटता कामा नये.” आणि जानकीबाईंना आणायला बीदरच्या स्टेशनवर निघून गेले. आता आमच्याकडे भक्कम म्हटलं, की बायका काय करतात? नागूबाईंनी चार शेजारणी बोलावल्या आणि पदरावर पदर घालून, आडवी-उभी टीप मारून, दणदणीत कौदीच शिवली. मी बघितलं. मला फार आवडलं. माझ्यासाठी असं एक करा, असंही मी म्हणालो.

जुम्म्याची सकाळ उजाडली. अवघं गाव घाटावर. नावेला हळदकुंकू, नारळ, झेंडूची माळ. जानकीबाई काठावर उभ्या, नवं इरकल नेसून. अच्युतरावांनी शीड हातात घेतलं आणि त्यांचे डोळेच विस्फारले. पण अख्ख्या गावासमोर, बायकोसमोर आणि नागूबाईंसमोर आता काय बोलणार? “आधी आम्ही एक चक्कर मारून येतो,” म्हणाले आणि राघोबाला नि मला घेऊन नावेत चढले.

तिघांनी ओढून ते शीड वर चढवलं. क्षणभर काही झालं नाही. मग वारा आला. मंडळी, कौदीत वारा शिरला की काय होतं, हे तुम्ही कधी बघितलं नसेल. ते शीड म्हशीसारखं एका अंगावर रेललं. अच्युतराव ओरडले, “आप्पाराव, तिकडं सरका!” मी सरकलो. पण तिकडं कुठे, हे कोणी सांगितलं होतं? मी नेमका शीड रेललं त्याच बाजूला सरकलो. पुढचं सांगायला नको. राघोबा पाण्यात, मी पाण्यात, अच्युतराव पाण्यात, आणि त्यांची हॅट एकटीच दिमाखात बीदरकडे निघाली.

जानकीबाई “अहो!” म्हणून किंचाळल्या. आम्ही उभे राहिलो. पाणी कमरेएवढं. ते पाहून बाईंना असं हसू फुटलं, की त्या काठावर बसूनच राहिल्या. त्यांच्यापाठोपाठ सारा घाट हसला. अच्युतराव मात्र हसले नाहीत. निथळत काठावर आले, बाईंसमोर उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, “मी खोटं बोललो होतो. अशी नाव इथं कधीच नव्हती. उद्याच्या गाडीनं परत जायचं असेल तर सोडायला येतो.” मी शेजारीच धोतर पिळत होतो, म्हणून ऐकलं. ऐकायला नको होतं, पण आता ऐकलं ते ऐकलं.

बाईंचं हसू थांबलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग पाण्यात लोळणाऱ्या त्या शिडाकडे पाहिलं. म्हणाल्या, “हे शिवलं कुणी?”

नागूबाई पुढे आल्या, पदर खोचून. “म्या शिवलंय. कामून?”

“काय टीप आहे हो तुमची! एक टाका चुकलेला नाही. पण अक्का, याच्याखाली झोप छान लागेल, नाव कशी चालायची?”

“साहेबच म्हणाले, भक्कम पायजे.”

“त्यांचं काय ऐकता? आणा ते इकडं. उसवू या.”

आणि त्या इरकलासकट खाली बसल्या. ओलं शीड मांडीवर घेतलं. नागूबाईंनी कमरेची चंची सोडून सुई काढली. दोघी समोरासमोर बसून उसवायला लागल्या. आम्ही पुरुष मंडळी थंडीने कुडकुडत बघत राहिलो.

ते आठ दिवस बाईंनी गाव बघितलंच नाही. रोज दुपारी नागूबाईंच्या अंगणात. उसवायचं, एकेक पदर सुटा करायचा, त्यातला निवडक, बारीक सुताचा तेवढा घेऊन पुन्हा जोडायचा. एकदाच वाद झाला. आपल्याकडे कौदीच्या कोपऱ्यांना त्रिकोणी फुल्या लावतात. अच्युतराव म्हणाले, “शिडाला फुल्या कशाला?” नागूबाई म्हणाल्या, “कोपरं उघडे ठिवून कौदी कुणाला द्यायची नसती. अपशकुन असतोय.” जानकीबाई नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्ही बांध बांधा.” फुल्या लागल्या. त्याच कोपऱ्यांना दोर बांधतात, आणि आजतागायत एकही कोपरा फाटलेला नाही. अच्युतराव याला योगायोग म्हणतात. म्हणोत बापडे.

आठवा दिवस आला. माहेरून गडी न्यायला आला. गाडी दारात उभी. आम्ही दोघं-तिघं उगाच काहीतरी निमित्त काढून तिथेच घुटमळत होतो. अच्युतराव खांबाला टेकून उभे. बाई नागूबाईंच्या अंगणातून आल्या, हातात दोरा. गड्याला म्हणाल्या, “बाबांना सांग, शीड उसवून ठेवलंय. असं उघडं टाकून कसं येऊ?”

गडी बिचारा विचारतो, “मग कधी यायलाव, ताईसाहेब?”

“शिवून झालं की.”

ते शिवणं त्याच महिन्यात झालं, हे मी तुम्हाला सांगायला नको. पुढच्या जुम्म्याला नाव पाण्यात पडली, शीड पोटभर फुगलं, आणि वल्ही न मारता नाव सरसर निघाली. राघोबा काठावरून पळत होता, “चालली रे चालली! बैलं न्हाईत आन् चालली!” सुकाणू जानकीबाईंच्या हातात होतं. मला बसवलं होतं, यावेळी बरोबर बाजूला. अच्युतराव शिडाकडे बघायचं सोडून बायकोकडे बघत होते. अहो, लाजता काय? चार वर्षं झाली की आता! माहेरचा गडी मात्र न्यायला म्हणून पुन्हा आला नाही.

तेव्हापासून आश्विन लागला, पूर ओसरला, की गावाला गुरुवारची घाई सुटते. कोणी राळ कुटतं, कोणी दोर वळतं. आचार्यांसारखे सोवळे गृहस्थ डांबराची बादली धरून उभे राहतात. बांध पुरा झाला, तलाव भरला, रब्बीला पाणी मिळालं. हे सरकारी काम सरकार जाणो. पण गाव सुट्टीच्या दिवशी एकत्र येऊन हसायला शिकलं, ते या दोघांमुळे. माझ्या मनात यांच्याविषयी फार माया आहे. अडतीवर असलं बोलता येत नाही, म्हणून इथे बोलून घेतो.

आता तबादल्याचा हुकूम आला आहे, थेट वरंगळला. तोही कधी? नाव अजून पालथी, मोसमाची पहिली खेप व्हायची, तेव्हा. हजर व्हायची तारीख त्याआधीची. नागूबाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “त्या जायलेत, आन् नाव अजून कोरडीच हाय. असं कसं चालंल?” मग गेले काही दिवस सारं गाव घाटावर आहे. पाण्याला अजून थोडी ओढ आहे, फळ्या पुरत्या फुगलेल्या नाहीत, थोडं पाणी आत येईल. येऊ दे. मी ओंजळीने उपसेन. सामान काल उथळ उतारावरून बैलगाडीने पुढे गेलं. हे दोघं मात्र उद्या सकाळी शिडाच्या नावेतून मांजरा ओलांडतील. पैलतीरावर बीदरचा टांगा उभा असेल.

पाटलांनी शाल दिली, आचार्यांनी नारळ दिला, हॉल सजवणाऱ्या पोरींनी फुलं आणली, तुम्ही सगळे वेळात वेळ काढून आलात. सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात घरातल्या चार गोष्टी चव्हाट्यावर आणल्या, त्या या दाम्पत्याने पोटात घालाव्यात. आचार्यांचा वेळ खाल्ला, तोही त्यांनी माझ्या नावावर सोडून द्यावी.

एकच सांगायचं राहिलं. आज दुपारी घाटावर मी जानकीबाईंना विचारलं, “जाताना सुकाणू तुमच्याकडं. परत येताना कुणी धरायचं?” त्यांनी नागूबाईंकडे बोट केलं. नागूबाई शिडाला दोर लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “म्या धरीन की. पण बाई, पैलतीराला तुमाला उतरायचं जमंल का, तेवढं सांगा.”

जानकीबाईंनी अजून उत्तर दिलेलं नाही. उद्या सकाळी सगळ्यांनी घाटावर या. नमस्कार.