सातवी मॅच कुणाच्या मैदानात?

क्लीव्हलँडच्या एका इस्पितळात डॉक्टरांची वाट बघत बसलो होतो. टीव्हीवर बेसबॉलची सात मॅचची फायनल चालू होती; आधी चार जिंकेल तो विजेता. समोर पन्नाशी उलटलेले बहीण-भाऊ बसले होते.

"सातवी मॅच झालीच तर त्यांच्या मैदानात. का, तर वर्षभरात त्यांनी जास्त जिंकल्या."

"बरोबरच आहे, डुएन. वर्षभर राबायचं एकानं आणि मैदान दुसऱ्याला?"

"पूर्वी बरं होतं, लॉरेटा. एक वर्ष यांच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. कटकट नाही."

"पाळीपाळीनं! बाबांना कुणी सांभाळायचं, तेही तू असंच ठरवलंस. आणि तुझी पाळी आली की नेमके तुझ्याकडे पाहुणे."

"मधे तर जुलैतल्या प्रदर्शनी सामन्यावर ठरवायचे. तसं करू या का?"

"थट्टा सुचतेय तुला? डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही, घरी न्या."

"मग मी नेतो. शेवटी तरी माझ्याकडे राहू देत."

"शेवटी? अख्खा सीझन कुठे होतास?"

"भांडू नकोस. मी बाबांनाच विचारलं."

"काय म्हणाले?"

"घरी चला म्हणाले. व्हरांड्यात रेडिओ लावून सातवी मॅच ऐकायचीय त्यांना."

"तुझ्या फ्लॅटला कुठे व्हरांडा आहे?"

"तुझ्याही नाही. किल्ली कुंडीखाली आहे म्हणाले."

"अरे देवा. ते घर विकल्याचं तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"मी? मला वाटलं, ती पाळी तुझी होती."